डेट्रॉईटचा नकाशा कोण आखतं? मिशिगनमधल्या मतदारसंघ पुनर्रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो. वकील नाही, कुठल्या पक्षाचा कार्यकर्ताही नाही. २०२१ साली इथला मतदारसंघ आयोग नकाशे आखत होता, तेव्हा त्याच्या बैठका यूट्यूबवर रात्री उशिरापर्यंत बघत बसायचं खूळ मला लागलं होतं. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, आणि हल्ली बेळगाव-पुण्याहून येणाऱ्या फोनवरही मला हेच प्रश्न विचारले जातात. उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

काँग्रेसचा मतदारसंघ म्हणजे काय? आपल्या काँग्रेसशी काही संबंध?

काही नाही. इथे काँग्रेस म्हणजे देशाची संसद. तिच्या खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, ४३५ जागा आहेत. हा आकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरला, तेव्हापासून लोकसंख्या तिप्पट झाली तरी तो तेवढाच आहे. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि या ४३५ जागा पन्नास राज्यांत नव्याने वाटल्या जातात. मग प्रत्येक राज्य आपल्या वाट्याच्या जागांचे मतदारसंघ आखतं. वाटप केंद्र करतं, रेघा राज्य मारतं. सगळं राजकारण त्या रेघांत आहे.

मिशिगनच्या जागा का घटत गेल्या?

१९७० च्या दशकात मिशिगनला १९ जागा होत्या. मग १८, १६, १५, १४, आणि २०२० च्या जनगणनेनंतर १३. मोटारींचे कारखाने गेले, माणसं दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे गेली. २००० ते २०१० या दहा वर्षांत लोकसंख्या घटलेलं मिशिगन हे देशातलं एकमेव राज्य होतं.

हे वाटप किती काटेकोर असतं त्याचा एक किस्सा सांगतो. २०२० च्या मोजणीत न्यूयॉर्क राज्याची एक जागा गेली. त्या राज्यात आणखी ८९ माणसं मोजली गेली असती तर ती वाचली असती. एखाद्या चाळीतही यापेक्षा जास्त माणसं राहतात.

जेरीमँडरिंग म्हणजे नेमकं काय करतात?

१८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाला सोयीच्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. त्यातल्या एकाचा आकार सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसत होता. एका वर्तमानपत्राने त्याचं व्यंगचित्र छापलं, दोन नावांची सांधेजोड झाली आणि शब्द रुळला.

युक्त्या दोनच. पहिली, कोंबणे. विरोधकांचे मतदार मोजक्या मतदारसंघांत भरायचे. तिथे त्यांना ८० टक्के मतं पडू देत, वरची सगळी वाया. दुसरी, फोडणे. त्यांची वस्ती तीन-चार तुकड्यांत कापायची, म्हणजे कुठेच बहुमत होत नाही. मतदारांनी उमेदवार निवडण्याऐवजी उमेदवार मतदार निवडून घेतो.

मिशिगनमध्ये आधी हे कोण करायचं?

विधिमंडळ. राज्यात ज्यांची सत्ता, त्यांच्या हातात पेन्सिल. २०११ साली ती रिपब्लिकनांकडे होती. त्यांनी केलेला चौदावा मतदारसंघ डेट्रॉईटपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत असा वळणं घेत गेला होता की नकाशावर तो सांडलेल्या कालवणाच्या ओघळासारखा दिसायचा. २०१२ च्या निवडणुकीत राज्यभरात डेमोक्रॅटना मतं जास्त पडली आणि जागा मिळाल्या १४ पैकी ५.

पुढे खटला झाला तेव्हा त्या वेळचे ईमेल बाहेर आले. डेट्रॉईट परिसरातला सगळा डेमोक्रॅटिक ‘कचरा’ चारच मतदारसंघांत कोंबायचा, असं एकाने लिहिलेलं होतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये तीन न्यायाधीशांच्या फेडरल (केंद्रीय) पीठाने काँग्रेसचे आणि राज्य विधिमंडळाचे मिळून ३४ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. दोनच महिन्यांनी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या राज्यांच्या प्रकरणात ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की पक्षीय फायद्यासाठी केलेली आखणी हा फेडरल न्यायालयांनी सोडवायचा प्रश्नच नाही. मिशिगनचा निकाल त्यासोबत वाहून गेला.

मग बदल झाला कसा?

फेसबुकवरच्या एका पोस्टने. २०१६ च्या निवडणुकीनंतर दोन दिवसांत केटी फेही नावाच्या, राजकारणाशी संबंध नसलेल्या तरुणीने लिहिलं की मला मिशिगनमधल्या जेरीमँडरिंगविरुद्ध काही करायचंय, कोणाला यायचंय का. खाली हसरा चेहरा. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही संघटना उभी राहिली. राज्यघटनेत दुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला ठेवायला ३,१५,६५४ सह्या लागत होत्या. पगारी माणसं न लावता, स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांच्या वर सह्या जमवल्या. हायवेवरच्या थांब्यांवर, जत्रांत, फुटबॉलच्या सामन्यांबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभी असलेली ही मंडळी मला आठवतात. प्रस्ताव अडवायला कोर्टबाजी झाली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो ४ विरुद्ध ३ असा जेमतेम वाचला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ६१ टक्के मतदारांनी होकार दिला.

आयोगात कोण असतं? राजकारणी मागच्या दाराने शिरत नाहीत का?

तेरा सामान्य नागरिक. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नाहीत असं सांगणारे. ‘सांगणारे’ म्हणतो, कारण मिशिगनमध्ये मतदारयादीत पक्षाची नोंदच नसते. माणूस शपथेवर सांगेल ते खरं.

गेल्या सहा वर्षांत पक्षाचं पद, निवडणुकीची उमेदवारी किंवा लॉबिंग केलेलं असेल तर अर्ज करता येत नाही, तुमच्या आईवडिलांना, मुलांना आणि जोडीदारालाही नाही. रिपब्लिकन पक्ष यावरून कोर्टात गेला आणि हरला. नऊ हजारांहून जास्त अर्ज आले. विधिमंडळातल्या चार नेत्यांना प्रत्येकी पाच नावं खोडायचा अधिकार होता, बाकी सगळं चिठ्ठ्या टाकून. नकाशा मंजूर व्हायला बहुमत लागतं आणि त्यात तिन्ही गटांतले किमान दोन-दोन लागतात.

नशिबाने निवडलेली ही माणसं पहिले काही महिने जनगणनेचे गट आणि सॉफ्टवेअर शिकण्यातच चाचपडत होती. बघताना कधी कधी हसू यायचं. पण उघड्यावर चाचपडत होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. एकदाच त्यांनी दार लावून घेतलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये, वंश आणि मतदान या विषयावर वकिलांचा सल्ला ऐकायला. वर्तमानपत्रं कोर्टात गेली आणि डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कागदपत्रं उघड करायला लावली.

नकाशा आखायचे नियम काय आहेत?

राज्यघटनेत क्रम लावून दिलेले आहेत. सगळ्यात वर समान लोकसंख्या आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा. १३ जागांसाठी प्रत्येक मतदारसंघात साधारण ७,७५,००० माणसं. मग सलगता. तिसरा नियम ‘समान हितसंबंध असलेले समाज’ एकत्र ठेवण्याचा. त्यानंतर कोणत्याही पक्षाला अवाजवी फायदा नको, आहे त्या लोकप्रतिनिधीला झुकतं माप किंवा फटका नको, आणि मग कुठे शहरं, टाउनशिप, काउंटी (म्हणजे जिल्हे) यांच्या हद्दी. आकाराचा सुटसुटीतपणा सगळ्यात शेवटी.

तिसरा नियम ऐकायला गोड आहे, पण समाज ठरवायचा कोणी? सुनावण्यांना लोक यायचे आणि प्रत्येक जण आपला समाज सांगायचा. हॅमट्रॅमॅकचे बांगलादेशी, डिअरबॉर्नचे अरब, नदीकाठचे लोक, एखाद्या शाळा-जिल्ह्याचे पालक. पक्षाशी किंवा उमेदवाराशी असलेलं नातं हा समाज धरायचा नाही, असं घटनेत स्पष्ट आहे. त्यामुळे पक्षाची माणसंही माइकसमोर येऊन आपण फक्त मासेमारीच्या आवडीने एकत्र आलेले शेजारी आहोत, अशा थाटात बोलायची.

नव्या नकाशात कोणाकोणाची गोची झाली?

२८ डिसेंबर २०२१ ला आयोगाने ‘चेस्टनट’ नावाचा नकाशा ८ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. मसुद्यांना झाडांची नावं होती. सावली कोणाला मिळाली ते वेगळं. आयोगाने खासदारांची घरं कुठे आहेत हे बघितलं नाही, त्यामुळे एका रात्रीत खेळ मांडला गेला.

अँडी लेविन आणि हेली स्टीव्हन्स, दोघेही डेमोक्रॅट, दोघेही खासदार, अकराव्या मतदारसंघात पक्षाच्या उमेदवारीसाठी समोरासमोर आले. लेविनना शेजारचा दहावा मोकळा होता, तिथे त्यांचे जुने मतदारही जास्त होते, पण तो रिपब्लिकनांकडे झुकलेला. त्यांनी अकरावा धरला आणि हरले. दहाव्यात पुढे रिपब्लिकन जॉन जेम्स सुमारे १,६०० मतांनी निवडून आले. लेविन तिथे उभे राहिले असते तर, ही चर्चा इथले डेमोक्रॅट अजून करतात.

पश्चिमेला फ्रेड अप्टन आणि बिल ह्यूझेंगा हे दोन रिपब्लिकन एकाच मतदारसंघात येऊन पडले. अप्टन १९८७ पासून खासदार होते आणि ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिल्यामुळे पक्षात नकोसे झाले होते. त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

सगळ्यात चविष्ट गोष्ट ग्रँड रॅपिड्सच्या तिसऱ्या मतदारसंघाची. पीटर माइयर, रिपब्लिकन, त्यांनीही महाभियोगाला पाठिंबा दिलेला. नव्या रेघांमुळे मतदारसंघ डेमोक्रॅटांकडे झुकला होता, तरी माइयर तिथे टिकू शकले असते. म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाच्या निवडणूक समितीने चार लाखांहून जास्त डॉलर खर्चून माइयर यांच्या पक्षातल्याच कट्टर ट्रम्पवादी प्रतिस्पर्ध्याची ‘फारच कट्टर आहे हो हा’ अशी जाहिरात केली. रिपब्लिकन मतदारांना नेमकं तेच आवडलं. पक्षांतर्गत निवडणुकीत माइयर पडले, नोव्हेंबरात तो प्रतिस्पर्धीही पडला आणि डेमोक्रॅट हिलरी शोल्टन निवडून आल्या. काट्याने काटा काढला. पण लोकशाही वाचवायच्या गोष्टी करणाऱ्या पक्षाने हे करावं, हे मला अजून पटलेलं नाही.

डेट्रॉईटचे लोक या आयोगावर इतके चिडलेले का आहेत?

हा प्रश्न भारतातून फारसा येत नाही, पण इथे राहायचं तर तो आधी समजून घ्यावा लागतो.

१९५० साली डेट्रॉईटमध्ये साडेअठरा लाख माणसं होती. २०२० साली ६,३९,१११. म्हणजे अख्खं शहर मिळूनही आता एक मतदारसंघ भरत नाही. दर चारातले तीन जण कृष्णवर्णीय. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज वॉशिंग्टनला गेले, तेव्हापासून २०२२ पर्यंत डेट्रॉईटकडून कायम किमान एक कृष्णवर्णीय खासदार होता. जॉन कॉनयर्स तर १९६५ ते २०१७, बावन्न वर्षं.

जुन्या नकाशात तेरावा आणि चौदावा हे दोन कृष्णवर्णीय बहुमताचे मतदारसंघ होते. नव्यात शहर बाराव्या आणि तेराव्यात विभागलं गेलं, सोबत उपनगरं जोडली गेली आणि दोन्हींत कृष्णवर्णीय मतदार निम्म्याच्या खाली आले. आयोगाचं म्हणणं, जुने मतदारसंघ ‘कोंबलेले’ होते, आम्ही ते सैल केले. लोकांचं म्हणणं, ज्याला तुम्ही सैल करणं म्हणता त्याला आम्ही हातातून जाणं म्हणतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये डेट्रॉईटच्या सुनावणीत माणसामागून माणूस उठून हेच सांगत होता. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी दोनदा पाहिलं. आकडेवारीच्या दृष्टीने आयोगाचं बरोबर असेलही, पण समोरच्या लोकांनी हा हिशेब आयुष्यभर दुसऱ्या बाजूने भोगलेला होता.

श्री ठाणेदार इथूनच निवडून आले ना? हा मराठी मतदारसंघ आहे का?

अजिबात नाही. तेराव्यात मराठी माणसं चिमूटभर. माझ्यासारखे बहुतेक जण नोव्हाय, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत, दुसऱ्याच मतदारसंघांत राहतात.

ठाणेदार मूळचे बेळगावकडचे. मुंबई विद्यापीठातून एम.एससी., १९७९ मध्ये अमेरिका, अ‍ॅक्रनला पीएच.डी., मग धंदा, दिवाळं आणि पुन्हा धंदा. त्यांचं मराठी आत्मचरित्र आपल्याकडे बरंच वाचलं गेलं. २०१८ मध्ये ते राज्यपालपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, तिसरे आले, पण डेट्रॉईट शहरात त्यांना लक्षणीय मतं पडली. मग ते शहरात राहायला आले, २०२० मध्ये राज्य विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये तेराव्यातून खासदार झाले.

कसे झाले ते मात्र नकाशाइतकंच स्थानिक पक्षाच्या राजकारणात दडलेलं आहे. आधी प्रायमरी समजून घ्या. इथे तिकीट हायकमांड देत नाही, पक्षाचे मतदारच मत देऊन ठरवतात. तेराव्यात डेमोक्रॅटांचं इतकं बहुमत आहे की ऑगस्टमधली प्रायमरी हीच खरी निवडणूक, नोव्हेंबर नुसता उपचार. दुसरी फेरी नसते. ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो गडी जिंकला.

जानेवारी २०२२ मध्ये खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी निवृत्ती जाहीर केली. शहराच्या दुसऱ्या खासदार रशिदा तलैब बाराव्यात उतरल्या. तेरावा रिकामा. नऊ उमेदवार रिंगणात आले. हे मतविभाजन ओळखून वेन काउंटीचे प्रमुख वॉरन एव्हन्स यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय नेत्यांची समिती बसली आणि तिने राज्य सिनेटर अ‍ॅडम हॉलियर यांचं नाव पुढे केलं. डेट्रॉईटचे तेव्हाचे महापौर डगन हॉलियर यांच्या मागे गेले. पण लॉरेन्स यांनी पोर्शिया रॉबर्सन यांना पाठिंबा दिला. एकमत काही झालं नाही. आपल्याकडच्या बंडखोरीची आठवण व्हावी असं सगळं. ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर ओतले, बाहेरच्या एका इस्रायलसमर्थक गटाने हॉलियरसाठी लाखो डॉलर ओतले. निकाल: ठाणेदार सुमारे २८ टक्के, हॉलियर २३-२४, रॉबर्सन १७. म्हणजे शंभरातल्या बहात्तर जणांना दुसरा कोणीतरी हवा होता, फक्त तो कोण यावर त्यांचं जमलं नाही.

२०२४ मध्ये हॉलियर पुन्हा आले, तर त्यांच्या अर्जावर आवश्यक हजार वैध सह्याच भरल्या नाहीत आणि नाव मतपत्रिकेवरून गेलं. सह्यांना आव्हान दिलं होतं ठाणेदारांनीच.

आपला माणूस निवडून आला तर तुम्ही खूश दिसत नाही?

मंडळात पेढे वाटले तेव्हा मीही खाल्ला. पण त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या डेट्रॉईटकर सहकारिणीने सांगितलं की तिच्या आजीने डिग्ज यांच्यासाठी दारोदार प्रचार केला होता. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोष ठाणेदारांचा नाही, नियमात राहून ते लढले. पण ‘मराठी पाऊल पडते पुढे’ म्हणताना ते कोणत्या अंगणात पडलं, तेही बघावं.

कोर्टाने नकाशा रद्द केला होता ना?

अर्धं खरं. रद्द झाले ते राज्य विधिमंडळाचे मतदारसंघ, काँग्रेसचे नव्हेत. डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल पीठाने डेट्रॉईट परिसरातले १३ विधिमंडळ मतदारसंघ, ७ खालच्या सभागृहाचे आणि ६ सिनेटचे, वंशाच्या आधारावर आखल्याबद्दल घटनाबाह्य ठरवले. आयोगाने ते पुन्हा आखले. चेस्टनट मात्र उभाच आहे.

मग आयोगाचा उपयोग झाला का?

२०२२ मध्ये १३ पैकी ७ जागा डेमोक्रॅटना, ६ रिपब्लिकनांना. २०२४ मध्ये त्याच नकाशावर उलट, ७ रिपब्लिकन, ६ डेमोक्रॅट. वारा फिरला की जागा फिरतात. २०१२ मध्ये असं होत नव्हतं. माझ्या मते हे मोठं काम आहे. डेट्रॉईटच्या बाबतीत आयोग चुकला, हेही माझंच मत. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

२०२५ मध्ये टेक्सास, कॅलिफोर्नियात दशकाच्या मध्येच नकाशे बदलले. मिशिगनमध्ये होईल का?

टेक्सासच्या रिपब्लिकनांनी पाच जागा वाढवण्याच्या इराद्याने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा नकाशा केला. डेमोक्रॅट आमदार गणपूर्ती मोडायला राज्य सोडून निघून गेले. आपल्याकडे आमदार रिसॉर्टला नेतात, इथे दुसऱ्या राज्यात. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरात सार्वमत घेऊन आपल्याच स्वतंत्र आयोगाचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवला. मिशिगनमध्ये आखणीचा अधिकार राज्यघटनेने आयोगाला दिलाय, विधिमंडळाला आणि राज्यपालांना त्यात हात घालता येत नाही.

भारतात परिसीमन होतं तेच हे ना?

साम्य आहे, पण आपल्याकडे लोकसभेची पुनर्रचना निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालचा आयोग करतो आणि त्याच्या आदेशाला कोर्टात आव्हान जवळपास देताच येत नाही. इथे उलट, कोर्टात गेल्याशिवाय नकाशाला पूर्णत्वच येत नाही. परिणाम मात्र ओळखीचे. २००८ च्या पुनर्रचनेत पंढरपूर लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेला आणि रामदास आठवले २००९ ला शिर्डीला जाऊन लढले आणि हरले. लेविन यांचं दुःख त्यांना सांगावं लागणार नाही. मनाने जास्त जवळची तुलना मला महापालिकेच्या प्रभाग रचनेशी वाटते. प्रारूप, हरकती, सूचना, आणि कोणाची गल्ली कोणाच्या प्रभागात गेली यावरून उठलेलं वादळ.

सामान्य माणूस यात काही करू शकतो का?

सगळ्यात तळाचं पद म्हणजे प्रीसिंक्ट डेलिगेट, आपल्या बूथप्रमुखासारखं, पण मतदारांनी ऑगस्टच्या प्रायमरीत निवडलेलं. अनेक ठिकाणी उमेदवारच नसतो, चार-पाच मतांत माणूस निवडून येतो. काउंटीच्या अधिवेशनात मत देणारे हेच. नागरिकत्व घेतलेल्यांनी विचार करावा.

आणि पुढचा आयोग २०३० च्या जनगणनेच्या वेळी बसेल. अर्ज वर सांगितलेल्या अटींत बसणाऱ्या कोणाही मतदाराला करता येतो, शिवाय मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून हजारो लोकांना तो घरी पाठवतात. मागच्या वेळी अडीच लाख पाकिटं गेली. त्यातलं एक आमच्या शेजारच्या काकूंकडे आलं होतं. त्यांना वाटलं क्रेडिट कार्डची जाहिरात आहे. त्यांनी ते पिझ्झाच्या कूपनांबरोबर रद्दीत टाकलं.